गिटारवरचा हिंगाचा हत्ती

आमच्या घरात इलेक्ट्रिक गिटार आली, तेव्हा ती वाजते कशी हे सोडून बाकी सगळं लोकांनी विचारलं. कुणाची होती, त्यानं का विकली, एवढी जड का, आतून पोकळ का नाही, आणि मुलीच्या जातीनं ती कमरेवर लटकवून उभं राहायचं म्हणजे नक्की कसं. बडोद्यातल्या मराठी घरात वाद्य येण्याची एक रीत होती. आधी पेटी यायची, तिच्यावर आईच्या जुन्या साडीची खोळ चढायची, मग परीक्षा सुरू व्हायच्या, आणि एखाद्या परीक्षेनंतर मुलीचं लग्न झालं की पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात व्हायची. माझीही पेटी झाली होती. परीक्षाही झाल्या होत्या. बाईंच्या मते माझा हात चांगला होता, म्हणजे मी सांगितलं तेवढंच वाजवत होते.

पण कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत दर नवरात्रीत गरबा व्हायचा आणि आमचा फ्लॅट बरोबर स्टेजच्या वर होता. खाली बायका फेर धरायच्या, गाणारी एकामागून एक गरबे म्हणायची, आणि ती दम घ्यायला थांबली की मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून एक गिटार पुढे यायची. त्या माणसाचा चेहरा वरून कधी दिसला नाही, फक्त हात दिसायचा. तो आवाज आला की मी ताट सोडून बाल्कनीत धावायचे. मला तेच करायचं होतं. हे मी घरात सांगितलं तेव्हा आईनं आमटीतला डाव तसाच हातात धरून विचारलं, "गरब्यात? स्टेजवर? तू?" आणि बाबा वर्तमानपत्रामागे गेले.

बाबा रिफायनरीच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर बाटल्यांतले नमुने तपासायचे आणि हा नमुना अमुक आहे की नाही ते लिहून द्यायचे. घरातही त्यांची हीच नोकरी चालू असायची. दूध, तूप, हळद, पाहुणे. मात्र निष्कर्ष ते मनातल्या मनात काढायचे, कारण बाहेर बोलायचं काम आईकडे होतं. असे माझे बाबा एका रविवारी मला स्कूटरवर बसवून हरणीला घेऊन गेले. तिथे जयेशभाई राहायचे. गरब्यातला तो हात त्यांचाच होता. आता त्यांनी कीबोर्ड घेतला होता आणि गिटार काढून टाकायची होती. "बेन वगाडशे? सरस, सरस," मी वाजवणार याचं कौतुक करत ते म्हणाले, आणि नाही जमलं तर गणपतीपर्यंत परत घेईन असंही मोठ्या मनानं कबूल केलं. येताना ती गिटार चादरीत गुंडाळून मी मांडीवर आडवी धरली होती. रस्त्यात ओळखीचे भेटले ते कुणीतरी आजारी आहे असं समजून बाजूला झाले.

चादर सोडली तेव्हा आई दोन पावलं मागे सरकली. गिटार मुळात लाल असावी. आता ती स्टेजच्या दिव्यांनी आणि टेम्पोवरच्या उन्हानं फिकी होऊन पाण्यात पडलेल्या गाजरासारखी दिसत होती. पण रंग दिसायला जागाच कुठे होती! दर नवरात्रीत जो कोणी जाहिरातदार असेल त्याचं स्टिकर तिच्यावर चढलं होतं. फरसाणवाला, साडीवाला, कसलंसं पाचक चूर्ण. मधल्या मोकळ्या जागेत जयेशभाईंची स्वतःची आवड, म्हणजे एक कवटी, गॉगल लावलेला सिंह, आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक बाई, जिनं बुटांवरच सगळा कपडा खर्च केला होता. त्या बाईवर आईनं लगेच हातरुमाल टाकला. आणि खाली, तारांच्या शेजारी, सगळ्यांत जुनं, सगळ्यांत घट्ट बसलेलं हिंगाच्या कंपनीचं स्टिकर होतं. नुसतं हत्तीचं डोकं. आमच्या स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या डबीवर होतं तेच.

"ही घरात राहायची असेल तर आधी माणसांत आणा तिला," आई म्हणाली. मग अट ठरली. गणपतीत सोसायटीच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम असायचा. त्याआधी गिटार स्वच्छ झाली, चार लोकांत दाखवण्याजोगी झाली, तर मी कार्यक्रमात तिच्यावर आरती वाजवायची आणि गिटार माझी. नाही झाली तर स्कूटर पुन्हा हरणीला. आवाजाचा डबा, म्हणजे ॲम्प्लिफायर, तो स्वच्छतेनंतर. "आधी रूप, मग आवाज," असं आईनं ठरवून टाकलं. बडोद्यातल्या पुष्कळ मुलींच्या लग्नाची बोलणी याच क्रमानं चालायची, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष होते भाऊसाहेब. त्यांचे आजोबा राजांच्या काळात कुठल्याशा खात्यात मोठे अधिकारी होते, आणि ते खातं अजून चालू आहे अशा बेतानं भाऊसाहेब जगायचे. उन्हाळ्यातही कोट, हातात काठी, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून लांब कुठेतरी पाहणं. गिटारची बातमी कळताच ते आमच्याकडे येऊन चहा पिऊन गेले. "वाद्याला वायर असते का हो?" त्यांनी बाबांना विचारलं. "आमच्या घराण्यात बीनकारांचं जाणं-येणं होतं. वायरवाल्यांचं नव्हतं." बाबांनी त्यांना आणखी एक चकली वाढली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बाबा आणि मी बसायला लागलो. बाबांनी गिटारच्या पाठीवर चार छोटे चौकोन पेन्सिलीनं आखले. एकात खोबरेल, एकात रॉकेल, एकात स्पिरिट, एकात माझं नेलपॉलिश काढायचं औषध. नेलपॉलिशवाल्या चौकोनात रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. बाबांनी ती बाटली बंद करून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "ही नखालाही लावत जाऊ नकोस." त्यांच्या आयुष्यातलं ते त्यांच्या मानानं लांबलचक भाषण होतं. मग कापसाचा बोळा, जुन्या पट्टीची कड, आणि धीर. स्टिकर ओढायचं नाही, एका कोपऱ्यातून मनवत आणायचं. कागद निघाला की खाली चिकटा राहतो, तो बोटाच्या पेरानं गोल गोल मळत राहिलं की त्याच्या काळ्या सुरळ्या होतात. अंगाचा मळ काढल्यासारखंच ते काम. बाबा एक शब्द बोलायचे नाहीत आणि मलाही बोलावंसं वाटायचं नाही. खाली कोणाकडे तरी कढीला फोडणी पडायची, समोरच्या गच्चीवर कोणी वाळलेले कपडे काढायचं, आणि आम्ही दोघं त्या बूटवाल्या बाईच्या पायांवर तेल चोळत बसायचो. इतक्या वेळ बाबांच्या शेजारी मी त्याआधी कधी बसले नव्हते. माझी मुलगी परवा मला मोबाइलवर असाच चिकटा काढायचा व्हिडिओ दाखवत होती. एका मिनिटात गिटार लख्ख. मी म्हटलं छान आहे, पण एका मिनिटात कुणाच्या शेजारी बसून होतं का?

तेलावरून मात्र घरात दोन पक्ष पडले. समोरच्या दारातल्या इलाबेन रोज वाटी घेऊन यायच्या आणि मला म्हणायच्या, "मंजूबेन, सिंगतेल लगाडो, बधुं नीकळी जशे." शेंगदाण्याच्या तेलानं निघत नाही असं जगात काही असेल हे इलाबेनना मान्य नव्हतं. आईला परक्या घरचं तेल गिटारला लागू द्यायचं नव्हतं. "आमच्याकडे खोबरेलच लागतं," ती म्हणायची, आणि हे असं म्हणायची की जणू गिटारचं कुळ ठरलं. शेवटी कवटी खोबरेलाला आली, बूटवाली बाई सिंगतेलाला, आणि सिंहासाठी दोघींनी एकमेकींकडे न बघता आपापली वाटी पुढे केली. तेल टिपायला वर बेसन भुरभुरलं. आठवडाभर आमच्या बाल्कनीतून भजी तळल्याचा वास येत होता आणि खालचे लोक वर बघत जायचे.

हिंगाचा हत्ती शेवटी राहिला. कशालाच दाद देईना. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबांनी आईची कंबर शेकायची गरम पाण्याची पिशवी आणली आणि गिटारवर ठेवली. आई आतून उकडीचा हात झटकत आली, पाहिलं, आणि परत गेली. थोड्या वेळानं हत्ती एका कानापासून सैल झाला. बाबांनी पट्टीची कड खाली सरकवली, श्वास रोखला, आणि अख्खं स्टिकर एकसंध उचलून वर्तमानपत्रावर ठेवलं. मग चिकटा काढला, तेल पुसलं, बेसन झटकलं. आणि आम्ही दोघं बघत राहिलो. स्टिकर निघालं होतं, हत्ती नव्हता निघाला. बाकीची स्टिकरं अलीकडची, त्यांच्या खालचा रंगही फिकाच होता. हे मात्र गिटार नवी असताना लागलेलं. त्याच्याखाली उन्हाचा एक किरण गेला नव्हता. फिक्या गाजरी अंगावर गडद, शेंदरी लाल असं हत्तीचं डोकं उमटलं होतं. कान, गंडस्थळ, वळलेली सोंड. बाबा म्हणाले, "सगळी म्हातारी झाली, एवढी जागा तरुण राहिली." मला ते खूप आवडलं. अजूनही आवडतं.

तेवढ्यात इलाबेन डाळ-तांदळाचा गरम हांडवो घेऊन आल्या. एक पाऊल बाल्कनीत, आणि थांबल्या. ताटली खाली ठेवली, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. "अरे! आ तो गणपतिदादा!"

"इलाबेन, हिंगनुं स्टिकर हतुं," बाबा घाईनं म्हणाले.

"भाई," इलाबेन हात जोडून म्हणाल्या, "हिंग तो बहानुं छे."

हांडवो गार व्हायच्या आत निम्मी सोसायटी आमच्या बाल्कनीत येऊन गेली. भाऊसाहेब आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वायर विसरले. "उजवी सोंड," ते हळूच म्हणाले. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. लोक एक पाऊल मागे सरले. बाबांनी धीर करून पुन्हा सांगितलं, "भाऊसाहेब, ते हिंगाचं स्टिकर होतं. हे बघा, इथे कागदावर आहे."

"होतं," भाऊसाहेब म्हणाले. "आता काय आहे ते पाहा."

बाबांनी उभ्या आयुष्यात नमुना आहे तसा लिहून दिला होता. या उत्तरापुढे त्यांची प्रयोगशाळा संपली. चतुर्थीला गिटार खालच्या मांडवात गेली. ती उभी ठेवली तर हत्ती आडवा होत होता, म्हणून रेशमी कापडावर आडवी ठेवली, मूर्तीच्या शेजारच्या चौरंगावर. तारांवर दूर्वा आल्या, सुराच्या खुंट्यांवर जास्वंदी आल्या. मला सांगण्यात आलं की आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, लांबून नमस्कार करायला हरकत नाही. हात लावायचा नाही. कार्यक्रमाच्या दिवशी भाऊसाहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. "हीच ती भाग्यवान कन्या, जिच्या गिटारवर श्री प्रकटले." टाळ्या झाल्या. मला नारळ दिला. मग मी पेटीवर आरती वाजवली, सांगितली होती तेवढीच. गिटार स्वच्छ झाली होती, चार लोकांत दाखवण्याजोगी तर इतकी झाली होती की चारशे लोक बघून जात होते, आणि माझी मात्र राहिली नव्हती. वर येऊन मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. आई नारळ खवत होती. तोच नारळ. तिचा हात थोडा वेळ थांबला, पुन्हा चालू झाला.

त्या दिवसांत वाण्याकडचा त्या कंपनीचा हिंग संपला. इलाबेननी पिढ्यान्‌पिढ्यांचा हिंग बदलून हा आणला आणि डबी रिकामी झाली तरी फेकली नाही. आमच्या घरात आमटीत हिंग टाकताना आईसुद्धा डबी, तिच्यावरचं चित्र आपल्याकडे येणार नाही अशी, वळवून ठेवायला लागली. बाबांनी ते पाहिलं आणि निष्कर्ष मनात ठेवला.

अनंतचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मंडळाची सभा भरली. टेम्पो, ढोल, गुलाल ठरलं, आणि भाऊसाहेबांनी जाता जाता सांगितलं की मूर्तीबरोबर गिटारचंही विसर्जन होईल. पूजलं ते पाण्यात सोडलंच पाहिजे, कडक दैवताला अर्धवट चालत नाही. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती तळ्यात बुडवणार होते. बाबा उभे राहिले. सभेत बाबा उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. "पण ती मंजूची गिटार आहे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी "काय म्हणाले?" म्हणून विचारलं.

"आता ती सगळ्यांची आहे," भाऊसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांची झालेली वस्तू बुडवायला कुणाचीच हरकत नसते, हे मी तेव्हा शिकले. पुढे सोसायटीच्या बागेचं, वाचनालयाचं तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा. आमच्या मंडळात गुरुजी नसायचे, भाऊसाहेबच मंत्र म्हणायचे. आई शेजारी उभी राहायची, कारण ती संस्कृतच्या शिकवण्या घ्यायची आणि भाऊसाहेबांच्या विसर्गांची तिला काळजी वाटायची. त्यांनी मूर्तीवर अक्षता टाकल्या, मूर्ती जागची जरा हलवली. मग गिटारवर अक्षता टाकल्या, तीही जरा हलवली. तारा थोड्याशा झणझणल्या. मी डोळे मिटले.

"भाऊसाहेब," आईचा आवाज आला, शिकवणीतला. "आत्ता म्हटलात त्याचा अर्थ सांगा ना सगळ्यांना."

"अर्थ? देवांनी आता आपल्या स्थानी परत जावं."

"मग गेले?"

"म्हणजे काय, वहिनी! मंत्र म्हटला, जागचं हलवलं. गेलेच."

"म्हणजे ही आता नुसती गिटार उरली."

भाऊसाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तशी मूर्तीही आता नुसती मातीच. तीही आपण बुडवतोच."

"माती पाण्यात मिळते म्हणून बुडवतो. ही मिळणार आहे का?" आई म्हणाली. "ही तळाशी तशीच पडून राहील. पुढच्या वर्षी मूर्ती घेऊन पाण्यात उतराल, तेव्हा ती कुणाच्या पायाखाली येईल. उजव्या सोंडेवर पाय. चालेल?"

ढोलवाल्यानं हळूच ढोल खाली ठेवला. मग मागून इलाबेन ठामपणे म्हणाल्या, "ना, ना. एवुं तो ना ज चाले." आणि इलाबेन नाही म्हणाल्या की सोसायटीत बहुमत झालेलं असायचं. भाऊसाहेब सगळ्यांच्या डोक्यांवरून लांब पाहत म्हणाले, "शास्त्राला धरूनच बोलल्या वहिनी. मी तेच सुचवणार होतो."

आईनं दूर्वा काढल्या, जास्वंदी काढल्या, गिटारला हळदकुंकू लावलं, आणि दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरली. मी आंघोळ केली होती की नाही, कुणी विचारलं नाही. "धर," ती म्हणाली. "पट्टा नीट अडकव, खांद्यावरून घसरेल." मला तिला मिठी मारायची होती. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती, म्हणून मी पट्टा नीट अडकवला.

ती गिटार अजून माझ्याकडे आहे. पुढे एका नवरात्रीत मी आमच्याच सोसायटीच्या स्टेजवर, मागच्या कोपऱ्यात उभी राहून वाजवली, गाणारीनं दम घेतला तेव्हा. तो डाग काढून देतो म्हणून बरेच जण म्हणाले. मी काढू दिला नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीतलं.

टेम्पोपुढे ढोल चालले होते, झांजा चालल्या होत्या, गुलाल उडत होता. मी कडेनं गिटार गळ्यात घालून चालत होते आणि हळूहळू तारा छेडत होते. वायरीशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज चमच्यानं डबा खाजवावा एवढाच येतो. त्या गोंगाटात तो माझा मलाही ऐकू येत नव्हता. बाबा शेजारी चालत होते. त्यांच्या बोटांना प्रयोगशाळेतला रॉकेलचा वास होता. बराच वेळ ते गिटारकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंजू, ही वाजते कशी ते मी ऐकलंच नाही."

"बाबा, वायरीशिवाय ऐकू येत नाही."

"वाजव तर."

मी रस्त्यात थांबले आणि वाजवलं. आरती नाही, गरब्यातला तो मधला तुकडा, बोटांना सापडेल तसा. बाबा वाकले आणि त्यांनी गिटारच्या लाकडाला कान लावला, बरोबर हत्तीच्या डोक्यावर. मागून येणाऱ्यांना वाटलं नमस्कार करतायत. त्यांनी चपला काढल्या. त्यांच्यामागच्यांनीही काढल्या. बघता बघता बाबांच्या मागे पार टेम्पोपर्यंत रांग लागली, आणि रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "चला हो, बाकीच्यांनाही दर्शन घेऊ द्या."

बाबांनी डोकं उचललं नाही. फक्त एक हात मागे करून रांगेला थोपवलं.

"थांबा जरा," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज मागच्यांपर्यंत गेला. "मुलगी वाजवतेय."